पाच दिवसांचा मुळा

सोमवारी पेरायचं, शुक्रवारी घरी जायचं.
शिबिराच्या पत्रकात मीच लिहिलं होतं:
‘मुलं स्वतः पिकवतील, स्वतः शिजवतील.’
लाल मुळ्याला निदान पंचवीस दिवस लागतात
हे पत्रकाला ठाऊक नव्हतं.

सारेमा बेटावरचं हे जुनं शाळाघर.
अकरा मुलं, मातीचे अकरा चौकोन,
प्रत्येकात एक चपटी काठी, तिच्यावर आपापलं नाव.
ऊकूनं नावाऐवजी होडी काढली.
तावेतनं सगळं बी एकाच भोकात ओतलं,
वरून माती थापटली, म्हणाला, झोप आता.

आत काळ्या पावाचं पीठ, चिकट, हट्टी.
‘यात आणि चिखलात फरक काय?’ लेलो विचारते,
नखांतले दोन्ही पुरावे पुढे धरते.
खमिराच्या बरणीला आळीपाळीनं कान लावतात:
आत कुणीतरी कुजबुजतंय म्हणे.
बटाट्यांवर शेपू भुरभुरायला सगळ्यांना हवा,
खायला कुणालाच नको.

मंगळवारी माती. बुधवारी माती.
गुरुवारी तावेत तिथेच बसून रडला,
आणि मी सायकल काढून बाजारात गेले,
दर वर्षीसारखी.

जूनमध्ये इथे रात्र नावापुरती.
घड्याळ सांगतं म्हणून झोपायचं.
बाकीच्या देशांतले चोर किती सुखी,
त्यांना अंधार आयता मिळतो.
बारा वाजता, लख्ख आभाळाखाली,
मी गुडघे टेकून पहिला मुळा रोवला,
पाला जरा विस्कटला, खरा वाटावा म्हणून.

चौथ्या चौकोनाशी मागे कुणीतरी नाक ओढलं.
सॅदे. सात वर्षांची, अनवाणी,
भावाचा स्वेटर गुडघ्यापर्यंत.
तिनं माझ्या हातातली जुडी पाहिली,
जुडीचं निळं रबर पाहिलं,
माझ्याकडे तेवढं पाहिलं नाही.
मी तोंड उघडलं.
एकोणीस उन्हाळ्यांत एकही उत्तर
तयार करून ठेवलं नव्हतं.

ती शेजारी उकिडवी बसली.
‘तावेतला मोठा द्या. तो रडलाय.’

मग दोघी. ती बोटानं भोक पाडायची, मी रोवायचे.
ऊकूला जोडमुळा, त्याला गंमत कळते.
लेलोचा तिनं मुद्दाम तिरका केला:
‘सगळे सरळ असले की ओळखू येतं, हेल्वेबाई.’
रबर स्वतःच्या मनगटात घातलं.
शेवटच्या चौकोनाशी, तिच्या,
मी हात पुढे केला तर म्हणाली, ‘मला नको.’
अकरावा मुळा माझ्या एप्रनच्या खिशात राहिला.

सकाळचा ओरडा असा, की पलीकडच्या गायी
कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या.
तावेत मुळा डोक्यावर धरून आईकडे पळाला:
‘झोप म्हटलं, आणि ऐकलं त्यानं!’
आम्ही चकत्या केल्या, काळ्या पावावर लोणी, मीठ.
पाव मधे थोडा कच्चा होता. कुणी बोललं नाही.

सॅदेचे वडील गाडीत हॉर्न वाजवत होते,
जहाज चुकायला आलेलं.
ती आपल्या चौकोनाशी, नखानं माती उकरत.
तिथे एक बी फुटलेलं,
त्यातून पापणीच्या केसाएवढा पांढरा दोरा.
मी वाकून पाहिला. खरं सांगते,
इतक्या वर्षांत पाचव्या दिवशीचा मुळा
मी कधी पाहिलाच नव्हता.

तिनं माती परत ओढली.
‘खरे किती दिवस लागतात?’
‘पंचवीस.’
हॉर्न. तिनं बोटं मोजली, पुन्हा मोजली.
‘मग वीस राहिले. सगळ्यांना पाणी घाला,
फक्त माझ्या नको.’
आणि रबर ताणत, सोडत, गाडीकडे गेली.

खिशातला मुळा मी मोरीपाशी उभी राहून खाल्ला,
मिठाशिवाय. तिखट होता, डोळ्यांत आलं.
आज सातवा दिवस.
रात्रीचे अकरा, बाहेर भर उजेड.
झारी घेऊन निघालेय.